वेढ्यात घेतलेलं शेत

सावंगी (मेघे) इथल्या मोठ्या दवाखान्याचं नाव आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी, औषध सगळं नाकारलं आणि आठवडाभरात देह ठेवला. त्यांचं नाव आता अशा इमारतीवर आहे, जिच्या पायरीवर पाऊल ठेवताच स्पिरिटचा वास येतो. यात कुणी चुकलं असं नाही. वर्धा जिल्ह्यात अशा विसंगती शांतपणे शेजारी नांदतात. आशेबद्दल बोलायचं तर मला ही जागा बरी वाटते. यवतमाळ रोडवर एसटीतून आणि ऑटोतून इथं उतरणाऱ्या माणसांना ‘पुढं काय?’ हा प्रश्न विचारमंथनासाठी पडलेला नसतो.

पुढच्या संवादातली दोन माणसं मी रचलेली आहेत. काकाजी आर्वीकडचे शेतकरी, पंचाहत्तरी ओलांडलेले, सर्वोदयाच्या शिबिरांत वाढलेले. गीताई तोंडपाठ. धाकटा भाऊ इथं भरती आहे. सिस्टर यवतमाळच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, निवृत्त परिचारिका, आजोबा पाळक. सुटीच्या दिवशी वॉर्डात येऊन पेशंटजवळ बसतात. माणसं कल्पित असली तरी त्यांचं भांडण वर्ध्याचं आहे. ते इथं चांगलं ऐंशी-नव्वद वर्षं चालू आहे.

काकाजी : सिस्टर, मघाशी तुम्ही त्या बाईजवळ प्रार्थना केली. चांगलं केलं. पण निघताना म्हणाल्या, ‘आशा सोडू नका.’ तेवढं म्हणायला नव्हतं पाहिजे.

सिस्टर : काहून जी?

काकाजी : आमच्याकडं माणूस आशेनंच मरतो. दिवाळीच्या आसपास कापूस घरात येतो, तेव्हा भाव पडलेला. माणूस म्हणतो, थांबू, संक्रांतीनंतर चढेल. माजघरात आढ्यापर्यंत कापूस, लेकरं अंग खाजवून राहिलेली, सावकाराचा माणूस दारात, आणि हा रोज पेपरात भाव पाहतो. मार्चमध्ये आणखी पडेल भावानं विकतो. थांबला नसता तर कमी बुडला असता. हे मी वाचून नाही सांगून राहिलो, आमच्या घरात झालेलं आहे. पेपरवाले लिहितात, निराश शेतकऱ्यानं फास घेतला. मी म्हणतो, तो निराश असता तर बोंडअळी पाहून पऱ्हाटी उपटून मोकळा झाला असता. त्यानं आशा लावली होती.

सिस्टर : मग माणसानं काय करावं?

काकाजी : पेरावं, डवरावं, फळाचं नाव घेऊ नये. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी हेच सांगितलं. साने गुरुजींनी उतरून घेतलं म्हणून आपल्याला वाचायला मिळालं. आणि कुणाला सांगितलं? कैद्यांना. ज्यांचा जीव सुटकेच्या तारखेत अडकलेला, त्यांना. बोलूनच थांबले नाहीत, पवनारला करून दाखवलं.

सिस्टर : विनोबा तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते काकाजी. त्यांचं काम झालं होतं. मी जिच्याजवळ बसले ती बत्तीस वर्षांची आहे. तिचं लेकरू खाली आजीजवळ चटईवर झोपलंय. तिला मी सांगू, फळ सोड? ती फळाच्या मोहात नाही पडलेली. तिला त्या लेकराची वेणी घालायची आहे. असं वाटणं तिच्या आत्म्याची खोट आहे, हे मला कबूल नाही.

काकाजी : खोट म्हणत नाही. बंधन म्हणतो.

सिस्टर : मग आमचा प्रभूही बांधलेलाच होता. मरणाच्या आदल्या रात्री बागेत तो घामाघूम होऊन विनवत होता की हे टळावं. त्यालाही जगावंसं वाटलं.

काकाजी : टळलं काय पण?

सिस्टर : नाही टळलं.

इथं सिस्टर लगेच ‘तिसऱ्या दिवशी मात्र’ असं म्हणाल्या नाहीत, हे मला आवडलं. बरेच जण म्हणतात. क्रुसाच्या शुक्रवारवरून उडी मारून थेट पुनरुत्थानाच्या रविवारी पोचतात, आणि ऐकणारा शुक्रवारातच राहिलेला असतो.

काकाजी : तुमच्यातले ते मंडपवाले तर वेगळंच सांगतात. चंगाई सभा. लंगडा चालतो, आंधळा पाहतो, स्टेजवरून साक्ष देतो.

सिस्टर : ते नाव माझ्यासमोर काढू नका. टीबीच्या गोळ्या सोडून आलेले पेशंट मी पाहिले. सहा महिन्यांचा कोर्स, दोन महिन्यांत बंद. का? तर प्रार्थनेनं बरं वाटलं. मग तोच आजार उलटतो, औषधाला दाद देईनासा होतो, आणि घरातल्या चौघांना लागतो. दाभोलकरांना मारल्यावर २०१३ मध्ये जादूटोण्याचा कायदा आला तेव्हा आमच्यातले काही घाबरले. मी म्हटलं, जो देवाच्या नावानं गोळी बंद करायला लावतो त्याला कायदा लागलाच पाहिजे, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

काकाजी : म्हणजे देव बरं करतो हे तुम्ही मानत नाही?

सिस्टर : मानते. नोकरीची वर्षं त्याच भरवशावर काढली. पण बरं करणं हा त्याच्यावर लावलेला वायदा नाही. तुमचा कापूस आणि त्यांची चंगाई एकाच दुकानातली आहे. दोन्हीकडं तारीख ठरलेली, भाव ठरलेला.

काकाजी : आणि तुमच्या आशेला तारीख नाही? मग तर आणखी सोपं. कधीच खोटी पडणार नाही. आमचे पुढारीही असंच बोलतात.

सिस्टर : टोला बसला.

काकाजी : बसू द्या. आणखी एक सांगतो. तुमचे मिशनरी हिस्लॉपसाहेब. १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, दगडधोंडे, जीवाश्म तपासले, गोंडांच्या भाषेची टिपणं केली. माणूस कामाचा. ४ सप्टेंबर १८६३ ला बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले आणि रात्री घोड्यावरून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाले. देवाच्या कामाला आलेला माणूस देवाला एका नाल्यातून वर नाही काढता आला?

सिस्टर : लहानपणी आम्हाला सांगत, त्यांच्या नावानं नागपुरात कॉलेज उभं राहिलं, देवानं त्यांचं मरण फुकट जाऊ दिलं नाही.

काकाजी : कॉलेजमुळं त्यांच्या बायकोला काय मिळालं?

सिस्टर : काही नाही. तिचा नवरा गेला तो गेला. कॉलेज ही चांगली गोष्ट आहे, पण ती त्याची भरपाई नव्हे. आमच्याच लोकांनी हे असं सांगणं बंद केलं पाहिजे.

मला वाटतं, ख्रिस्ती आशेवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप काकाजींनी नकळत मांडला. देव आहे की नाही, हा प्रश्न त्यापुढं फिका आहे. आशा सांगणारा माणूस समोरच्याचं दुःख लवकर आटोपायला बघतो, ही खरी तक्रार. तिला उत्तर द्यायचं तर दुःखाला त्याची पुरती जागा द्यावी लागते, आणि त्या जागेतच काही शिल्लक राहतं का ते पाहावं लागतं.

सिस्टरनी पुढं जे सांगितलं ते त्यांच्या मोठ्या भावाकडून आलेलं. भाऊ यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकला. ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला हलली. त्याच्या पुस्तकांत युर्गेन मोल्टमन होता. १९६४ मध्ये आशेवर ग्रंथ लिहून गाजलेला हा जर्मन धर्मज्ञ २०२४ पर्यंत जगला. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, विमानविरोधी तोफेवर नेमलेला. शेजारी उभा असलेला मित्र मेला, हा वाचला. घरात देवाधर्माचं फारसं कुणी करत नव्हतं. पुढं स्कॉटलंडमध्ये युद्धकैदी असताना कुणीतरी हातात पवित्र शास्त्र ठेवलं.

सिस्टर : आणि त्या पुस्तकात त्याला काय भावलं असेल? चमत्कार नाही, स्वर्ग नाही. एक रडगाण्यासारखं स्तोत्र, आणि क्रुसावर येशूनं देवाला विचारलेलं ‘का’. त्याला वाटलं, हा माणूस मला ओळखतो. आशेवर एवढं मोठं पुस्तक लिहिणाऱ्याची सुरुवात ही.

काकाजी : म्हणजे तुमच्यात देवाशी भांडायची सोय आहे.

सिस्टर : सोय काय, पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. विलापगीत आहे. ईयोब आहे. स्तोत्रसंहितेत तक्रारी कितीतरी. आमच्या मंडळीत त्या फार वाचत नाहीत ही गोष्ट वेगळी. रविवारी लोकांना गोड लागतं. तुम्हाला यिर्मयाची गोष्ट माहीत आहे?

काकाजी : नाव ऐकलंय.

सिस्टर : तुम्ही शेतकरी, तुम्हाला कळेल. यरुशलेमला बाबेलच्या फौजेनं वेढा घातला होता. खायला अन्न नाही. यिर्मया संदेष्टा राजाच्या पहाऱ्यात कैद, कारण तो उघड सांगत होता की शहर पडणार. तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं शेत विकायचं आहे, तुझा हक्क पहिला, घे.

काकाजी : अनाथोथ कुठं?

सिस्टर : शहराबाहेर, जवळच. वेढ्याच्या पलीकडं.

काकाजी : म्हणजे जमीन दुश्मनाच्या घोड्याखाली. चुलतभाऊ हुशार दिसतो. पडीक माल गळ्यात मारून राहिला.

सिस्टर : यिर्मयानं घेतलं. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, आजच्या मापानं जेमतेम दोनशे ग्रॅम. साक्षीदार बसवले, सही केली, शिक्का मारला. कागदाच्या दोन प्रती, एक बंद, एक उघडी. मग बारूख नावाच्या लेखनिकाला सांगितलं, हे मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत.

काकाजी : मडक्यात सातबारा!

सिस्टर : हो. आणि व्यवहार झाल्यावर तोच देवाला विचारतो की शहर पडून राहिलं आणि तू मला शेत घ्यायला काय लावतोस? म्हणजे त्यालाही पूर्ण उमगलेलं नव्हतं.

काकाजी : मग शेत मिळालं काय त्याला?

सिस्टर : नाही. शहर पडलं. पुढं लोक त्याला ओढत मिसरला घेऊन गेले. त्या शेतात त्यानं कधी तिफण घातल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

काकाजी : अहो, मग हा आमचाच माणूस! फळ मिळणार नाही हे माहीत असून कर्तव्य केलं. निष्काम कर्मयोग दुसरा काय असतो? उगाच भांडत होतो आपण.

सिस्टर : थांबा. निष्काम माणूस कागद मडक्यात कशाला ठेवेल?

काकाजी : ...

सिस्टर : सांगा ना. ज्यानं फळ सोडलं त्यानं शेत घेतलं असतं, पैसे दिले असते आणि कागद तिथंच टाकून दिला असता. यिर्मयानं दोन प्रती केल्या. तो कागद कुणीतरी एक दिवस बाहेर काढेल, वाचेल, त्या बांधावर जाऊन उभा राहील, असं त्याला हवं होतं. त्यानं फळ सोडलं नाही. फक्त ते आपल्या हयातीत, आपल्या हातात पडलंच पाहिजे, हा हट्ट सोडला.

काकाजी : मग निम्मा माझा.

सिस्टर : निम्मा तुमचा. घ्या.

मला विचाराल तर सगळा वाद या मडक्यापाशी येऊन थांबतो. काकाजींच्या मार्गानं जाणारा माणूस न डगमगता काम करतो, आणि वर्ध्यानं अशी माणसं भरपूर पाहिली. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं तेव्हा या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांच्या जखमा गांधी स्वतःच्या हातानं धूत, त्यांना मालिश करत, ते शास्त्रीबुवा बरे होतील या हिशेबानं नाही. हे काम आशेवाचून होतं, हे मान्य करायलाच हवं. ख्रिस्ती माणूस सेवा जास्त करतो असा दावा कुणी वर्ध्यात करू नये. हसतील लोक.

फरक दुसरीकडं आहे. काकाजींच्या वाटेवर जगाला जे हवंसं वाटतं, ते हवंसं वाटणंच हळूहळू शांत करायचं असतं. सिस्टरच्या वाटेवर ते तसंच ठणकत ठेवायचं असतं आणि देवापुढं धरायचं असतं. दुसरी वाट जास्त त्रासाची आहे, असं मला वाटतं. तिच्यात समाधान उशिरा मिळतं, कधी मिळतही नाही.

काकाजी : बरं, कुमारप्पा कुणाचे? आमचे की तुमचे?

सिस्टर : जोसेफ नाव होतं त्यांचं. घर तंजावरचं, ख्रिस्ती.

काकाजी : पण आयुष्य घातलं वर्ध्याच्या मगनवाडीत. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या. खेड्याचं अर्थशास्त्र त्यांच्याइतकं कुणी मांडलं नाही. आमचे.

सिस्टर : जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, दुसरं येशूच्या आचार-विचारांवर. दोन्हींना गांधींची प्रस्तावना. जग महायुद्धात जळत होतं आणि हा कैदी टिकणाऱ्या गोष्टींवर लिहीत बसला होता. मडक्यात कागदच ठेवत होता तो.

काकाजी : आणि तुमच्या चर्चनं त्यांना काय दिलं? १९३० मध्ये कलकत्त्याच्या मोठ्या बिशपांशी त्यांना उघड वाद घालावा लागला. सत्याग्रह ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही, असं बिशपांचं म्हणणं. इंग्रजाची लाठी मात्र बसत होती.

सिस्टर : खरं आहे. आमच्यात सरकारला दबून राहण्यालाही श्रद्धा म्हणतात. गांधींच्या कुटीत मातीच्या भिंतीवर येशूचं एकच चित्र होतं, तोच आमची शांती आहे अशा अर्थाची ओळ खाली. लुई फिशर १९४२ मध्ये आले तेव्हा त्यांनी ते पाहून लिहून ठेवलं. बिशपांच्या बंगल्यात चित्रं जास्त असतील.

काकाजी : आता मला एक सरळ सांगा. तुमचं हे सगळं त्या रविवारवर उभं आहे. मेलेला उठला. तो नसेल उठला तर?

सिस्टर : तर आमच्याइतके कीव करण्याजोगे कुणी नाही. हे मी नाही म्हणत, पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलंय. उठला नसेल तर सगळं फोल.

काकाजी : हे बरं आहे. आपलं दुकान कशानं बुडेल ते दुकानदारानंच पाटीवर लिहून ठेवलं. पण तपासायचं कसं? दोन हजार वर्षं झाली. तुम्ही म्हणाल विश्वास, मी म्हणेन पुरावा, आणि बसू इथंच.

सिस्टर : बसू. माझ्याकडं पुरावा नाही, बायांनी दिलेली साक्ष आहे. त्या पहाटे कबरीवर गेल्या, आणि त्या काळात बाईची साक्ष फार कुणी मोजत नव्हतं. पण मला धरून ठेवतं ते निराळंच. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या जखमा होत्या. थोमानं त्या पाहिल्या. मला नर्स म्हणून ते पटतं. एवढं सगळं नवं झालं तर व्रण का ठेवले? म्हणजे जे झालं ते पुसलं गेलं नाही. देवाच्या नव्या जगातही ते धरलं जातं.

काकाजी : व्रण राहिला म्हणजे बरं झालं नाही, असंही कुणी म्हणेल.

सिस्टर : व्रण आणि जखम यांतला फरक मला विचारू नका, ड्रेसिंग करण्यात जन्म गेला माझा.

काकाजी : तुमच्या शास्त्रात मला खटकलेलं एक सांगतो. ईयोबाची गोष्ट मी वाचली आहे, मगनवाडीच्या वाचनालयात. त्याचं सगळं जातं, मुलं मरतात, तो देवाला जाब विचारतो. तिथवर पुस्तक खणखणीत. शेवटी काय? देव त्याला सगळं दुप्पट देतो. सात हजार मेंढरांची चौदा हजार, तीन हजार उंटांचे सहा हजार. झालं गोड. इथं तुमचं पुस्तक घसरलं.

सिस्टर : मुलं किती दिली?

काकाजी : लक्षात नाही.

सिस्टर : आधी सात मुलगे, तीन मुली. शेवटी पुन्हा सात मुलगे, तीन मुली. मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैल दुप्पट, गाढवं दुप्पट. मुलं तेवढीच. माझे आजोबा विचारत, का? आणि स्वतःच सांगत, पहिली दहा देवाच्या हिशेबातून गेलेलीच नाहीत, म्हणून नवी दहा धरली की वीस होतात.

काकाजी : आजोबा हिशेबाला पक्के होते. पण लिहिणाऱ्याला गुरं मोजायची सवय असेल आणि पोरांच्या वेळी दुप्पट करायचं राहून गेलं असेल.

सिस्टर : तसंही असू शकतं.